ऐकणारा कोणी आहे का?

दुकानातली बिले करणारा एखादा छोटा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. तो लिहिणाऱ्याने जागोजागी एकेक ओळ पेरून ठेवलेली असते: बिल क्रमांक अमुक, रक्कम तमुक, फाइल सेव्ह झाली. या ओळी दुकानदारासाठी नसतात. प्रोग्राम कुठवर पोहोचला हे लिहिणाऱ्याला कन्सोलच्या काळ्या खिडकीत दिसावे, एवढ्यासाठीच त्या असतात. पुढे बटणांची आणि रकान्यांची नेटकी खिडकी तयार होते, मागची काळी खिडकी विचित्र दिसते म्हणून ती बंद ठेवण्याचा पर्याय निवडला जातो आणि प्रोग्राम दुकानात रवाना होतो. तिथे तो कधी उघडतानाच कोसळतो, कधी शंभरेक बिले नीट करून मग अडतो, तर कधी कोसळत नाही, पण काही बिघडले तर ते का बिघडले याचा मागमूस ठेवत नाही. लिहिणाऱ्याच्या मशीनवर मात्र सगळे सुरळीत. यावर पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे छापण्याच्या ओळी शोधून एकेक पुसून टाकणे. माझ्या मते हा प्रकार दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला असा आहे. आपण बोललो की कोणीतरी ऐकणारच, असे हा प्रोग्राम न तपासता धरून चाललेला असतो. इलाज त्या समजुतीवर व्हायला हवा.

ही समजूत मूर्खपणाची नव्हती. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये युनिक्स घडत होते तेव्हा प्रोग्राम चालवणारा माणूस टंकयंत्रासारख्या टर्मिनलसमोर बसलेला असे. प्रोग्रामला उत्तर छापायचे तर ते त्याच कागदावर. म्हणून अशी व्यवस्था झाली, की प्रत्येक प्रोग्रामला जन्मतःच काही वाटा उघड्या मिळाव्यात: शून्य क्रमांकाची ऐकण्यासाठी, एक क्रमांकाची बोलण्यासाठी. तक्रारीसाठी दोन क्रमांकाची वेगळी वाट नंतर आली. ती येण्याचे कारण अगदी व्यवहारी होते. छपाईसाठी फोटोटाइपसेटरकडे मजकूर पाठवावा आणि हाती सुबक अक्षरांत जुळवलेला एररचा निरोप यावा, असे घडू लागले होते. या सगळ्यातली एक बाब आपल्या कामाची आहे. या वाटा प्रोग्राम स्वतः उघडत नाही. त्याला सुरू करणारा जो कोणी असेल, तो त्या त्याच्या हाती देतो. एक क्रमांकाच्या टोकाला पडदा आहे, फाइल आहे की दुसरा प्रोग्राम, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते नसावे, यातच त्या रचनेचे सौंदर्य होते. टोकाला काहीच नाही, ही शक्यता मात्र कोणी फारशी मनावर घेतली नाही. टर्मिनलवाचून प्रोग्राम सुरू करणार तरी कोण?

टर्मिनलवाचून प्रोग्राम सुरू होण्याचा दिवस माउसबरोबर उजाडला. विंडोजमध्ये तर हा फरक प्रोग्रामच्या फाइलमध्येच कोरलेला असतो. प्रत्येक ईएक्सई फाइलच्या सुरुवातीला माहितीचा एक तक्ता असतो आणि त्यात सबसिस्टम नावाचा दोन बाइटांचा रकाना. तिथे ३ लिहिलेले असेल तर विंडोज म्हणते, हा कन्सोलचा प्रोग्राम. सुरू करणाऱ्याचे कन्सोल असेल तर ते त्याला मिळते, नसेल तर नवी काळी खिडकी उघडली जाते. तिथे २ असेल तर हा चित्रमय खिडक्यांचा प्रोग्राम, याला कन्सोल नको. बाकीची फाइल अक्षरशः तीच राहू शकते. ती काळी खिडकी बंद करण्याच्या पर्यायावर टिचकी मारताना आपण बदलतो तो हा आकडा. दिसायला हा सजावटीचा बदल आहे, आणि त्याच बदलात प्रोग्रामच्या बोलण्याचे दुसरे टोक कापले जाते. खिडकी लपवणे आणि श्रोता काढून घेणे या वेगळ्या गोष्टी एका पर्यायात बांधल्या गेल्या, आणि पर्यायाच्या नावात फक्त पहिली दिसते.

श्रोता नसताना बोलायचा प्रयत्न झाला तर काय व्हावे, यावर वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळा कौल दिला आहे. पास्कलचे घराणे कडक. डेल्फीत लिहिलेल्या खिडकीच्या प्रोग्रामने ओळ छापू पाहिली, की आय-ओ एरर १०५ येते, म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडलेली नाही. लाझरसमध्ये फाइलच उघडलेली नाही अशी तक्रार येते, जिचा जुना क्रमांक १०३. टर्बो पास्कलपासून चालत आलेले हे आकडे नवख्याला हमखास चकवतात, कारण त्याने कुठलीच फाइल उघडायला घेतलेली नसते. पडदा हीसुद्धा एक फाइल आहे हे त्याला तेव्हा कळते. गंमत अशी, की लाझरसमधला तोच प्रोग्राम लिनक्सवर बिनतक्रार चालतो, कारण तिथे एक क्रमांकाच्या टोकाला सहसा काहीतरी जोडलेले असतेच. जावा दुसऱ्या टोकाला आहे. तिथे छापण्याच्या ओळीने कधी आरडाओरडा करायचाच नाही असे ठरलेले आहे. लिहिता आले नाही तर आत एक खूण उठते, आणि ती कोणी विचारली तरच कळते. डॉटनेटही साधी ओळ मुकाट्याने गिळते, पण कन्सोलचा पडदा पुसायला सांगितले तर हँडल अवैध असल्याचे सांगून अडून बसते. रस्टमध्ये सुरुवातीला अशा वेळी प्रोग्राम कोसळत असे. पुढे रीतसर प्रस्ताव येऊन, आउटपुटची वाटच अस्तित्वात नसेल तर बोलणे सोडून द्यावे, असे ठरले. त्या प्रस्तावाच्या शीर्षकात आउटपुटवर आलेल्या अस्तित्वाच्या पेचाचा उल्लेख आहे, आणि तो थट्टेचा असला तरी नेमका आहे.

सगळ्यांत बोधप्रद नमुना जुन्या पायथनचा. विंडोजवर पायथनचे दोन चालक मिळतात, एक कन्सोलसह आणि दुसरा, नावाला डब्ल्यू जोडलेला, कन्सोलविना. पायथन २ च्या काळात या दुसऱ्या चालकाखाली छापलेल्या ओळी लगेच बाहेर जात नसत. त्या आधी ४०९६ बाइटांच्या एका साठ्यात जमत. साठा भरला, तो रिता करायला गेले आणि पलीकडे वाटच नाही असे दिसले, की एरर क्रमांक ९ येई. आता वरच्या दुकानाचा हिशेब मांडा. एका बिलामागे चाळीसेक बाइटांची एक ओळ धरली तर पहिली शंभर बिले निर्धास्त होतात. अडचण येते ती त्यानंतरच्या एखाद्या बिलाला, ज्याचा या गोंधळाशी काडीचाही संबंध नाही. ते बिल तपासले तर निर्दोष. प्रोग्राम पुन्हा सुरू करून तेच बिल केले तर बिनबोभाट होते. आणि या एररचा निरोप ज्या दोन क्रमांकाच्या वाटेने बाहेर यायचा, तीही त्याच चालकाने बंद केलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पायथन ३ ने यात सुधारणा केली: कन्सोल नसेल तर आउटपुटच्या जागी सरळ ‘काही नाही’ ठेवले जाते आणि साधी छापण्याची ओळ ते पाहून गप्प बसते. पण त्या जागी कोणीतरी आहे असे धरून थेट लिहायला जाणारी लायब्ररी, उदाहरणार्थ प्रगतीची पट्टी दाखवणारी, पहिल्याच पावलाला पडते. म्हणजे आपण स्वतः एकही ओळ छापली नाही तरी सुटका नाही; आपण उसने घेतलेले कोणीतरी बोलतेच. छापण्याच्या ओळी पुसण्याचा उपाय इथेच उघडा पडतो.

यावर कोणी म्हणेल, मग जावाचेच बरोबर; जे ऐकायला कोणी नाही ते हवेत विरू द्यावे, एवढ्यासाठी दुकानदाराचे बिल का अडावे? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. माग ठेवण्यासाठी लिहिलेल्या ओळीने मूळ काम बंद पाडणे हे नोकराने मालकाला घराबाहेर काढण्यासारखे आहे. पण उरलेल्या अर्ध्या भागात घोटाळा आहे. न सापडलेल्या चुकीचा शेवटचा निरोप, म्हणजे कुठल्या ओळीवर, कुठल्या फाइलसाठी, काय मागताना प्रोग्राम पडला हे सांगणारा मजकूर, त्याच वाटेने जातो. बिनकामाच्या बडबडीबरोबर तोही विरतो. मग दुकानदार फोनवर एवढेच सांगू शकतो, की खिडकी आली आणि गेली. गप्प राहणारा प्रोग्राम आणि नीट चालणारा प्रोग्राम बाहेरून सारखेच दिसतात.

शिवाय वाट बंद आहे म्हणजे बोलणे निदान निरुपद्रवी आहे, असेही नाही. युनिक्सच्या घराण्यात नवी फाइल उघडली की तिला सर्वांत लहान मोकळा क्रमांक मिळतो. दोन क्रमांकाची वाट कोणी आधीच बंद करून ठेवली असेल, तर पुढची उघडलेली फाइल दोन क्रमांकाच्या गादीवर बसते. आणि प्रोग्राममधल्या तक्रारी तर डोळे मिटून त्याच क्रमांकाकडे जात असतात. हे कल्पनेतले नाही. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस फॉसिल या सोर्स कोड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मुख्य भांडारावर हीच वेळ आली. दोन क्रमांक चुकून बंद झालेला होता, भांडाराच्या एसक्यूलाइट डेटाबेसला तोच मिळाला, आणि पुढे एका बगमुळे निघालेला एररचा निरोप थेट डेटाबेसच्या एका भागावर लिहिला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या एसक्यूलाइटच्या ३.८.१ या आवृत्तीपासून डेटाबेससाठी असे लहान क्रमांक वापरायचेच नाहीत, अशी दक्षता घेतली गेली. फॉसिल हा काही खिडकीचा प्रोग्राम नव्हे. पण टर्मिनलपासून तुटलेल्या कोणत्याही प्रोग्रामला, मग तो सर्व्हर असो की माउसने उघडलेला, हा धोका सारखाच. ऐकणारा नसण्यापेक्षा भलताच ऐकणारा असणे वाईट.

याच्या उलट, ऐकणारा जागेवर आहे पण त्याचे लक्षच नाही, असेही होते, आणि खिडक्यांच्या प्रोग्राममध्ये ते फार होते. व्हिडिओ बदलून देणारा प्रोग्राम बहुधा प्रत्यक्ष काम एफएफएमपेगकडून करून घेतो. एफएफएमपेग आपली प्रगती दोन क्रमांकाच्या वाटेवर सतत सांगत राहतो. खिडकीच्या प्रोग्रामने ती वाट एका नळीने आपल्याकडे वळवली, पण काम संपल्यावर सगळे एकदम वाचू असे ठरवले, तर नळी भरते. लिनक्सवर तिची क्षमता साधारणपणे ६५,५३६ बाइट. भरलेल्या नळीत एफएफएमपेगला पुढचा शब्द टाकता येत नाही म्हणून तो थांबतो. तो संपत नाही म्हणून खिडकी थांबते. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात, संगणक तापतही नाही. छोटे व्हिडिओ होतात, मोठे अडकतात, आणि दोष व्हिडिओच्या आकाराला दिला जातो. इथे एररचा आकडा नाही, कोसळणे नाही, तरी व्याधी तीच: बोलण्याच्या दुसऱ्या टोकाची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला यात एक जादा भोग येतो. श्रोता असतो, लक्षही असते, पण त्याला देवनागरी येत नाही. पायथनने डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलशी युनिकोडमध्ये बोलायला सुरुवात केली, त्यामुळे काळ्या खिडकीत मराठी नाव छापले तर, अक्षरे कशीही दिसोत, प्रोग्राम तरी पडत नाही. पण तेच आउटपुट फाइलकडे किंवा नळीकडे वळवले, की तो विंडोजच्या जुन्या अक्षरसंचाकडे वळतो. भारतातल्या इंग्रजी विंडोजवर तो बहुधा १२५२ क्रमांकाचा असतो, पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बेतलेला, आणि त्यात ‘ज्ञानेश्वर’ लिहायला एकही अक्षर नाही. प्रोग्राम पडतो. तो पडतो फक्त मराठी नावाच्या गिऱ्हाइकावर, रोमन लिपीत टाइप केलेल्या नावावर नाही, त्यामुळे संशय टाइप करणाऱ्यावर जातो. तक्रारीच्या वाटेवर पायथन थोडा समंजस आहे: तिथे तो न पडता प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा सांकेतिक आकडा लिहितो. पण आउटपुटला ती सवलत नाही. म्हणून कन्सोलविना चालवायचे तर बोलणे फाइलकडे वळवा, असा जो सल्ला सर्रास मिळतो, तो मराठीपुरता अर्धवट आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडा, हे शेपूट त्याला जोडायलाच हवे. नाहीतर आगीतून फुफाट्यात.

मग करायचे काय? माझ्या मते प्रोग्रामने सुरुवातीलाच, खिडकी रेखाटण्याआधी आणि उसन्या लायब्रऱ्या तोंड उघडण्याआधी, आपल्याला ऐकणारा कोणी आहे का हे स्वतः पाहावे, आणि नसेल तर स्वतः नेमावा. हा श्रोता म्हणजे बहुतेक वेळा एक नोंदीची फाइल, जिला सगळे लॉग म्हणतात. ती कुठे ठेवायची यातही चूक होते. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये, ईएक्सईच्या शेजारी, ती ठेवावीशी वाटते. पण व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा नसते, आणि श्रोता नेमण्याच्या प्रयत्नातच प्रोग्राम मरतो. वापरकर्त्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ती बिनतक्रार राहते. दुसरे असे, की नोंद लगेच फाइलमध्ये उतरली पाहिजे. साठा भरण्याची वाट पाहिली तर कोसळण्याआधीच्या शेवटच्या चार ओळी, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्याच साठ्यात मरतात. तिसरे म्हणजे न पकडलेल्या एररसाठी वेगळा आकडा, म्हणजे हूक, लावून ठेवावा लागतो. पायथनमध्ये, डॉटनेटमध्ये त्याच्या सोयी आहेत. मात्र खिडकीच्या बटणामागे घडलेली चूक अनेकदा मुख्य आकड्यापर्यंत पोहोचतच नाही. पायथनच्या टीके खिडक्यांमध्ये ती मधेच अडवून दोन क्रमांकाच्या वाटेवर छापली जाते आणि खिडकी काही झालेच नाही अशी चालू राहते. तिथला आकडा वेगळा लावावा लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात.

एवढे सोपस्कार करण्यापेक्षा काळी खिडकी राहू द्यावी, असेही कोणी सुचवेल. ती ओबडधोबड असली तरी प्रामाणिक आहे, हे खरे. पण ती स्वतःच नव्या बिघाडाचे बीज आहे. वापरकर्त्याने अडगळ समजून ती बंद केली की अख्खा प्रोग्राम तिच्याबरोबर जातो, बिल सेव्ह झालेले असो वा नसो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे, विंडोज १० मध्ये या कन्सोलचा क्विकएडिट हा गुण मुळातच चालू असतो. त्या खिडकीत नुसती एक टिचकी पडली की मजकूर निवडायला सुरुवात झाली असे कन्सोल समजते आणि नवे छापणे थोपवून धरते. छापण्याची ओळ अडकते, तिच्यामागे प्रोग्राम अडकतो, आणि कोणीतरी एस्केप दाबेपर्यंत हलत नाही. मजकूर निवडला गेल्याची खूण म्हणून काळ्यावर एक पांढरा ठिपका तेवढा दिसतो. प्रोग्राम अधूनमधून आपोआप गोठतो अशा तक्रारींमागे हा ठिपका असू शकतो.

लॉगविरुद्धचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. फाइल वाढत जाते. लिनक्सच्या जुन्या डेस्कटॉपवर सगळ्या खिडक्यांच्या प्रोग्रामची तक्रार घरच्या फोल्डरमधल्या एक्स-सेशन-एरर्स नावाच्या एका लपलेल्या फाइलमध्ये साठत असे, आणि एखादा बडबड्या प्रोग्राम तिथे एकच इशारा लाखो वेळा लिहून डिस्क भरून टाकी. म्हणजे श्रोता नेमला तर त्याच्या वहीची पानेही मोजावी लागतात. एक मेगाबाइटची फाइल आणि तिच्या पाचच जुन्या प्रती, एवढी मर्यादा दुकानाच्या प्रोग्रामला पुरून उरते. तसेच कन्सोलवर छापलेले खिडकीबरोबर नाहीसे होई, फाइलमधले राहते. गिऱ्हाइकाचा फोन नंबर किंवा पासवर्ड छापणारी ओळ आधी नुसती ढिसाळ होती, आता ती चोराला चावी देते. इथे ओळी पुसायची खरी गरज आहे. तेवढ्यापुरता मी माझा मुद्दा मागे घेतो.

उलट्या दिशेची एक गाठ अजून उरते. माउसने उघडायचा म्हणून सबसिस्टमच्या रकान्यात २ आकडा घातलेला प्रोग्राम कोणी मुद्दाम टर्मिनलमधून चालवला आणि त्याची आवृत्ती विचारली, तर खरा श्रोता समोर बसलेला असतो. विंडोज एक्सपीपासून सुरू करणाऱ्याच्या कन्सोलला मागाहून जोडून घेण्याची सोय आहे, पण टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारे विंडोजचे सीएमडी खिडकीच्या प्रोग्रामसाठी थांबत नाही. ते आपली पुढची ओळ लगेच दाखवते, आणि उत्तर त्या ओळीच्या मागे, वापरकर्ता पुढची आज्ञा टाइप करत असताना, मधेच येऊन पडते. व्हिज्युअल स्टुडिओने यावर जुनी क्लृप्ती वापरली: एकाच नावाच्या दोन फाइली, एक डॉट-कॉम आणि एक डॉट-ईएक्सई. विस्तार न देता नाव टाइप केले तर सीएमडी आधी डॉट-कॉम शोधते, आणि तो छोटा कन्सोलचा प्रोग्राम मोठ्याला चालवून त्याचे बोलणे पोहोचवतो. आयकॉन मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत अखेर प्रोग्रामला सांगता येऊ लागले, की मी कन्सोलचाच आहे, पण मला कन्सोल मिळाले नसेल तर नवे उघडू नका. त्याआधीच्या विंडोजला ही सूचना कळत नाही; दुकानातल्या जुन्या मशीनवर तोच प्रोग्राम माउसने उघडला, की काळी खिडकी पुन्हा समोर उभी.